वाटाड्याच्या नावावर जमीन हवी

ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड राज्यात, केर्न्स शहराच्या उत्तरेला असलेली मॉसमन गॉर्ज ही दरी म्हणजे डेन्ट्रीच्या वर्षावनाची दक्षिणेकडची वेस. इथे येणाऱ्याला आपली गाडी पर्यटक केंद्रावर ठेवून बसने पुढे जावे लागते, कारण दरीकडचा रस्ता कुकु यलांजी आदिवासींच्या वस्तीतून जातो आणि २०१२ साली हे केंद्र सुरू होईपर्यंत पर्यटकांच्या गाड्यांची रांग त्यांच्या घरांसमोरूनच जात असे. वाटाड्यासोबतची फेरी घेतली, तर सुरुवातीला पाल्याच्या धुरातून जावे लागते. मग कुठल्या झाडाचा पाला पाण्यात चोळला की साबणासारखा फेस येतो, कुठली बी तशीच खाल्ली तर विषबाधा होते आणि तिचे खाणे कसे करायचे, रंगीत माती दगडावर उगाळून अंगावर कशी रेखायची, हे दाखवत वाटाड्या लोकांना हिंडवतो. शेवटी चहा मिळतो. अशा सहलींची जाहिरात करणारे जगभर दोन आश्वासने देतात: तुमच्या पैशाने जंगल वाचेल आणि तुमच्या पैशाने संस्कृती जगेल. डेन्ट्रीचा गेल्या चाळीस वर्षांचा इतिहास पाहिला तर ही आश्वासने सहलीच्या जोरावर खरी होत नाहीत असे दिसते. ती खरी होण्याची शक्यता निर्माण होते जमिनीच्या मालकीतून. वाटाड्या ज्या जमिनीवरून लोकांना नेतो ती त्याच्या समाजाची आहे का आणि उद्या वाटले तर तो समाज फाटक बंद करू शकतो का, या दोन प्रश्नांची उत्तरे ‘नाही’ असतील, तर बाकी सगळे चांगल्या हेतूने केलेले मनोरंजन ठरते.

डेन्ट्री वाचले कसे, याची प्रचलित कथा पर्यावरणवाद्यांच्या विजयाची आहे. ती खोटी नाही. एकोणिसाव्या शतकात लाकूडतोडे लाल सीडरच्या मागे इथे शिरले, १८७३नंतर पामर नदीकडे सोन्यासाठी झुंबड उडाली, मग नदीकाठची सपाट जमीन उसाखाली गेली. १९८०च्या दशकात डेन्ट्री नदीच्या उत्तरेला, ऐन वर्षावनात, हजाराहून अधिक निवासी भूखंड पाडण्यात आले. १९८३च्या अखेरीस केप ट्रिब्युलेशनहून ब्लूमफील्डकडे रस्ता काढण्यासाठी बुलडोझर आले, तेव्हा आंदोलक त्यांच्यासमोर आडवे झाले, काहींनी स्वतःला जमिनीत गाडून घेतले. रस्ता पुढच्या वर्षी झालाच. पण या लढ्याने देशाचे लक्ष वेधले आणि पंतप्रधान बॉब हॉक यांच्या केंद्र सरकारने क्वीन्सलँड सरकारचा विरोध मोडून १९८८मध्ये सुमारे नऊ लाख हेक्टर वर्षावनाला युनेस्कोच्या जागतिक वारशाचा दर्जा मिळवून दिला. व्यापारी लाकूडतोड थांबली. संवर्धनाच्या दृष्टीने हा मोठाच विजय होता.

या कथेत कुकु यलांजी मात्र जवळजवळ दिसतच नाहीत. लाकूड, सोने आणि ऊस यांच्यासाठी त्यांची जमीन गेली होती. १८९७च्या ‘संरक्षण’ कायद्याने आणि त्यावरच्या दुरुस्त्यांनी क्वीन्सलँडमधल्या आदिवासींना कुठे राहायचे, कुठे काम करायचे, कुणाशी लग्न करायचे हे ठरवण्याचा अधिकार सरकारी अधिकाऱ्यांना दिला होता, आणि त्याच्या आधारे माणसे मिशनच्या वस्त्यांत व राखीव जागांत हलवली गेली. रस्त्याच्या वादात त्यांचे एकमत नव्हते. काहींना तो नको होता, तर काहींना दवाखान्यापर्यंत आणि नातलगांपर्यंत पोहोचण्यासाठी हवा होता. दोन्ही बाजूंना त्यांच्या मताशी सोयीपुरतेच कर्तव्य होते. वारसास्थळाची हद्द आखली गेली तीही त्यांची संमती न घेता, आणि तो दर्जा मिळाला केवळ नैसर्गिक निकषांवर. फुलझाडांची अतिप्राचीन कुळे, कॅसोवरी पक्षी, गोंडवना या प्राचीन महाखंडाच्या काळातल्या वनस्पतींचे वंशज हे सगळे त्यात आले, माणूस तेवढा वगळला गेला. (पर्यटन पत्रकांत हे जंगल सर्रास अठरा कोटी वर्षांचे सांगितले जाते. फुलझाडांचे सर्वांत जुने निर्विवाद जीवाश्मच साधारण तेरा-साडेतेरा कोटी वर्षांपूर्वीचे आहेत, तेव्हा त्या आकड्याकडे थोडे जपूनच पाहावे. डेन्ट्रीला अतिशयोक्तीची गरज नाही.)

माणूस वगळून जंगल वाचवायचे ही कल्पना अन्यायाची होतीच, शिवाय ती शास्त्रीयदृष्ट्याही अर्धवट होती. क्वीन्सलँडच्या या ओल्या पट्ट्यात वर्षावनाला लागूनच उंच निलगिरीची विरळ राने आहेत. आदिवासी ठरावीक ऋतूत, ठरावीक जागी लहान-लहान वणवे लावून ही राने मोकळी ठेवत. ती जाळपोळ थांबल्यावर अनेक ठिकाणी वर्षावनाची झाडे निलगिरीत घुसली, गवत संपले, आणि त्या गवताळ रानावर जगणारा ‘नॉर्दर्न बेटाँग’ हा छोटा कांगारूसदृश प्राणी आणखी संकटात आला. म्हणजे ज्याला आपण अस्पर्श निसर्ग समजत होतो, त्याच्या कडा माणसाने राखलेल्या होत्या. वर्षावनाच्या आतही तेच. काळ्या शेंगेच्या झाडाच्या मोठ्या बिया विषारी असतात. त्या भाजून, कापून, टोपलीतून कित्येक दिवस वाहत्या पाण्यात ठेवल्या की खाण्याजोग्या होतात. हे ज्ञान एकदा घडलेल्या योगायोगातून येत नाही, त्यामागे पिढ्यान्‌पिढ्यांचे निरीक्षण असते. हीच विषारी बियांवरची प्रक्रिया आणि आगीचा वापर यांचा आधार घेऊन २०१२मध्ये या प्रदेशाची आदिवासी सांस्कृतिक मूल्ये ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय वारसा यादीत नोंदली गेली. नैसर्गिक वारसा मान्य झाल्यावर चोवीस वर्षांनी.

दरम्यान कायदा बदलत होता. १९९२च्या ‘माबो’ निकालात ऑस्ट्रेलियाच्या उच्च न्यायालयाने, युरोपीय आले तेव्हा ही भूमी कुणाचीच नव्हती, हे गृहीतक फेटाळले. १९९३मध्ये मूळ हक्कांचा कायदा झाला. पूर्वेकडील कुकु यलांजींचा दावा न्यायालयाने मान्य केला डिसेंबर २००७मध्ये. त्यानंतर वाटाघाटी लांबत गेल्या आणि २९ सप्टेंबर २०२१ रोजी डेन्ट्रीसह चार राष्ट्रीय उद्यानांची, म्हणजे एक लाख साठ हजारांहून अधिक हेक्टर जमिनीची, मालकी पूर्वेकडील कुकु यलांजींकडे आली. उद्याने लोकांना खुलीच राहिली. त्यांचा कारभार सध्या राज्य सरकार आणि ‘जबलबिना’ ही आदिवासींची संस्था मिळून पाहते, आणि तो पुढे एकट्या कुकु यलांजींकडे जावा असा उद्देश जाहीर झाला. जागतिक वारशाचा दर्जा मिळाल्यापासून सातबाऱ्यावर नाव लागेपर्यंत तेहतीस वर्षे गेली, आणि या काळात डेन्ट्रीत सहली बंद होत्या असे मुळीच नाही. त्या चालूच होत्या. फरक पडला तो वाटाड्याच्या पायाखाली.

हा फरक कागदोपत्री नाही, हे केर्न्सजवळच्याच एका उदाहरणावरून कळते. ‘जापुकाई’ हे आदिवासी सांस्कृतिक केंद्र १९८७मध्ये कुरांडा या डोंगरगावात नाट्यगृह म्हणून सुरू झाले आणि पुढे केर्न्सच्या वेशीवर मोठ्या जागेत आले. तीन दशकांत लाखो पर्यटकांनी तिथे नृत्य, बूमरँग आणि डिजेरिडू पाहिले-ऐकले. अनेक आदिवासी तरुणांना तिथे पहिली नोकरी मिळाली आणि भाषेला व्यासपीठ मिळाले. हे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. पण करोनाने पर्यटक थांबले आणि २०२०मध्ये केंद्र कायमचे बंद करण्याचा निर्णय झाला. प्रेक्षक हाच ज्याचा आधार, ते प्रेक्षक गेल्यावर उभे राहत नाही. त्याच काळात वुजल वुजलसारख्या आदिवासी वस्त्याही बाहेरच्यांसाठी बंद होत्या आणि डेन्ट्रीतल्या फेऱ्याही थांबल्या होत्या. मात्र जमीन, तिच्यावरचे हक्क, तण आणि रानडुकरे आवरणारी आदिवासी वनरक्षकांची पथके यांचे अस्तित्व तिकिटावर अवलंबून नव्हते. सहल हा त्या व्यवस्थेचा एक भाग होता, पाया नव्हे. नेमकी हीच रचना मला योग्य वाटते.

फाटक बंद करण्याच्या हक्काचे सर्वांत बोलके उदाहरण वर्षावनापासून दूर, वाळवंटात आहे. उलुरू हा प्रचंड खडक १९८५मध्ये अनांगू आदिवासींना परत मिळाला, पण ९९ वर्षांच्या कराराने तो लगेच केंद्र सरकारला भाड्याने द्यावा लागला. खडकावर चढू नका, अशी त्यांची विनंती पायथ्याच्या फलकावर वर्षानुवर्षे होती आणि पर्यटक ती वाचून चढत होते. १९९०च्या दशकात येणाऱ्यांपैकी सुमारे ७४ टक्के लोक चढत असत. समजूत वाढत गेली तसे हे प्रमाण २०१५पर्यंत १६ टक्क्यांवर आले. तरीही चढाई प्रत्यक्षात बंद झाली ती २६ ऑक्टोबर २०१९ रोजी, अनांगूंचे बहुमत असलेल्या व्यवस्थापन मंडळाने तसा ठराव केल्यावर. विनंतीला मान देणारे पर्यटक वाढले हे चांगलेच, पण खडक परत मिळणे आणि चढाई बंद होणे यांच्यात चौतीस वर्षांचे अंतर पडले हेही लक्षात घ्यावे लागते. शिवाय बंदीआधीच्या शेवटच्या महिन्यांत चढणाऱ्यांची झुंबड उडाली होती. यजमानाची इच्छा कळूनही ‘नंतर मिळणार नाही’ म्हणून चढणारा पाहुणा जगात कमी नाही, आणि त्याच्यासाठी सांस्कृतिक संवेदनशीलतेची पत्रके पुरत नाहीत.

या सगळ्यावरचा पहिला आक्षेप नेहमीचा आहे: पैसे घेऊन संस्कृती दाखवली की ती विकाऊ होते, धुराचा विधी दर तासाला केला तर तो विधी कसला? आक्षेप गंभीर आहे, आणि काही सहलींच्या बाबतीत तो खराही आहे. पण त्यात एक गृहीतक दडलेले असते. संस्कृती म्हणजे सगळे उघडे करून दाखवायचे भांडार, असे ते मानते. ऑस्ट्रेलियन आदिवासींच्या परंपरेत काय कुणाला सांगायचे यालाच कडक नियम आहेत. काही जागा स्त्रियांच्या, काही पुरुषांच्या. काही कथा लहान मुलांसमोर सांगता येतात, तर काही विशिष्ट वय आणि अधिकार आल्यावरच ऐकायला मिळतात. त्यामुळे न सांगणे हाही संस्कृतीचा भाग आहे. २०२१मध्ये परत मिळालेल्या चार उद्यानांपैकी कल्काजाका हा काळ्या शिळांचा डोंगर पर्यटकाने रस्त्याकडेच्या जागेवरून पाहावा आणि पुढे जावे, एवढीच सोय आहे. वाटाड्या जे दाखवतो त्याहून जे दाखवत नाही ते ठरवण्याचा अधिकार त्याच्याकडे आहे का, यावर संस्कृतीचा बाजार होतो की नाही हे ठरते. नोकरीवर ठेवलेल्या कलाकाराला ‘आज हा विधी नाही’ असे म्हणता येत नाही. जमिनीच्या मालकाला येते.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे आणि तो पर्यावरणवाद्यांकडूनच येतो. मालकी दिली म्हणजे संवर्धनाला न आवडणारे निर्णय घेण्याचा हक्कही दिला. मूळ हक्कांच्या कायद्याने आदिवासींना परंपरेने शिकार करता येते, आणि ईशान्य किनाऱ्यावर त्यात समुद्री कासव आणि ड्युगाँगसारखे धोक्यात आलेले प्राणीही येतात. उद्या समाजातल्या बहुसंख्यांना रस्ता, घरे किंवा मोठे हॉटेल हवे झाले तर? याचे प्रामाणिक उत्तर असे की हो, हा धोका आहे, आणि आदिवासी म्हणजे जन्मजात वनरक्षक अशा गोड समजुतीने तो झाकू नये. तीही एक प्रकारची वरून पाहण्याची सवयच. पण तुलना कशाशी करायची? डेन्ट्रीतले सीडर कुकु यलांजींनी संपवले नाही, वर्षावनात भूखंड त्यांनी पाडले नाहीत, बुलडोझर त्यांनी आणला नाही. ज्या सरकारांनी हे होऊ दिले त्यांच्या हाती जंगल सुरक्षित आणि मूळ रहिवाशांच्या हाती धोक्यात, असे मानायला इतिहासात आधार सापडत नाही. शिकारीच्या बाबतीतही ग्रेट बॅरिअर रीफच्या किनाऱ्यावरील अनेक आदिवासी गटांनी सागरी उद्यान प्राधिकरणाशी स्वतःहून करार करून मर्यादा स्वीकारल्या आहेत. मालकाशी करार करता येतो. ज्याला बाजूला ठेवले त्याच्याशी करार कसा करणार?

तिसरा आक्षेप राजकारणात सर्वांत जास्त चालतो: राष्ट्रीय उद्यान सर्व नागरिकांचे, मग ते जन्माच्या आधारावर एका गटाला का? १४ ऑक्टोबर २०२३च्या सार्वमतात सुमारे साठ टक्के ऑस्ट्रेलियन मतदारांनी संसदेला सल्ला देणाऱ्या आदिवासी मंडळाचा घटनात्मक प्रस्ताव फेटाळला, त्यामागे या भावनेचाही वाटा होता. तिला केवळ वंशद्वेष म्हणून उडवून लावणे सोपे आहे, पण बरोबर नाही. समान नागरिकत्वाचा आग्रह हे खरे मूल्य आहे. डेन्ट्रीत मात्र कुकु यलांजींना नवी सवलत मिळालेली नाही. त्यांची होती ती जमीन मोबदल्याशिवाय घेतली गेली होती, त्यातला एक भाग परत आला, तोही जंगल जंगलच ठेवण्याच्या अटीवर आणि सर्वांना प्रवेश चालू ठेवून. सिडनीतल्या एखाद्या कुटुंबाची बळकावलेली मालमत्ता न्यायालयाने परत केली तर तिला जन्माधारित विशेषाधिकार कुणी म्हणणार नाही.

पर्यटनाच्या पैशाबद्दलचा आक्षेप मात्र मी जवळजवळ पूर्ण मान्य करतो. लांब पल्ल्याच्या विमानाने केर्न्सला उतरून ‘पर्यावरणस्नेही’ सहल करण्यात विसंगती आहे, आणि ती पाण्याची बाटली सोबत नेल्याने मिटत नाही. गाड्यांखाली कॅसोवरी मरतात. आणि मोठी फळे गिळून त्यांच्या बिया दूरवर टाकणारा हा पक्षी कमी झाला तर काही झाडांना बिया पसरवायला दुसरे कुणी फारसे उरत नाही. शिवाय हा पैसा बेभरवशाचा. डिसेंबर २०२३मध्ये ‘जॅस्पर’ चक्रीवादळ वुजल वुजलजवळ किनाऱ्यावर आले आणि नंतरच्या काही दिवसांत आसपासच्या भागात काही ठिकाणी दोन मीटरहून जास्त पाऊस झाला. वस्तीत पाणी शिरले, सगळ्या रहिवाशांना हेलिकॉप्टरने हलवावे लागले, दरडींनी रस्ते तुटले आणि पर्यटन हंगाम बुडाला. तापत्या हवामानात अशा अतिवृष्टीचे दणके वाढण्याची भीती शास्त्रज्ञ व्यक्त करतात. म्हणूनच वनरक्षकांचे पगार, आग लावण्याचे आणि तण काढण्याचे काम हे सरकारच्या नियमित खर्चातून व्हायला हवे, तिकिटाच्या गल्ल्यातून नव्हे. सहलीच्या उत्पन्नावर जंगल जगवायचे म्हटले की दर मंदीत जंगलाला तोटा सोसावा लागतो आणि दर तेजीत जास्त बसगाड्या आत घ्याव्या लागतात.

महाराष्ट्राशी याचा संबंध ओढूनताणून लावण्याची गरज नाही, तो आहेच. सह्याद्रीतली सदाहरित वने आणि डेन्ट्री ही दोन्ही गोंडवनाच्या तुकड्यांवरची, आणि पश्चिम घाटातल्या काही जागांनाही २०१२मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. त्यातल्याच कास पठारावर आजूबाजूच्या गावांच्या समित्या प्रवेश शुल्क घेतात, गर्दी आवरतात, माहिती देतात. पठार मात्र वनखात्याचे. तिथे कुंपण घातले गेले, चराई थांबली, फुले कमी होत असल्याची तक्रार आली आणि काही वर्षांनी कुंपण काढण्याची वेळ आली. गुरे चारणाऱ्यांचे म्हणणे आधी विचारात घेणे कुणावर बंधनकारक नव्हते, हे यातले खरे दुखणे. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाचे चित्र वेगळे आहे. २००६च्या वनहक्क कायद्याखाली या गावाला २००९मध्ये सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, आणि बांबूच्या वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकार २०११मध्ये ग्रामसभेच्या हाती आला. तिथे जंगल टिकवण्यासाठी पर्यटक बोलवावा लागला नाही. आपल्याकडे मात्र निसर्ग पर्यटनाची योजना म्हटली की तंबू, जिप्सी, गाइडचे प्रशिक्षण आणि होम-स्टे यांची यादी आधी होते, आणि गावाचा सामूहिक दावा तालुक्याच्या कचेरीत पडून असतो. क्रम उलटा आहे.

डेन्ट्रीतही काम पुरे झालेले नाही. नदीच्या उत्तरेकडच्या त्या भूखंडांपैकी काही सरकारने आणि पर्यावरण संस्थांनी विकत घेऊन जंगलाला जोडले, पण बरेच अजून खासगी आहेत. त्यामुळे राष्ट्रीय उद्यान आणि घरे, कॅफे, केबिन यांची खिचडी आहे. नदी ओलांडायला अजून फेरीबोट आहे. पूल बांधा ही मागणी अधूनमधून उठते आणि पूल झाला तर गाड्यांवरचा एकमेव नैसर्गिक लगाम जाईल ही भीतीही रास्त आहे. फेरीबोटीचा ठेका आणि वेळा ठरवते डग्लस नगर परिषद, म्हणजे जंगलात रोज किती गाड्या येतील याची खरी किल्ली अजून मालकाच्या खिशात नाही. संयुक्त कारभारातून एकट्याच्या कारभाराकडे जाताना कुकु यलांजींना सरकारशी पुढची बोलणी करायची आहेत ती याच गोष्टींबद्दल: कुठली पायवाट किती महिने बंद ठेवायची, बाहेरच्या सहल कंपन्यांना परवाना कोण देणार, आणि त्या परवान्याचे पैसे कुणाच्या खात्यात जाणार.